चाळीस गुणांचा भूगोल

२०२० च्या मार्च महिन्यात दहावीची बोर्डाची परीक्षा संपत आली होती. २३ तारखेला शेवटचा पेपर होता, भूगोलाचा. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. इतर विषयांच्या गुणांच्या सरासरीवरून मुलांना भूगोलाचे गुण दिले गेले. गणिताचा किंवा विज्ञानाचा पेपर असा रद्द झाला असता तर घराघरांत काळजी पसरली असती. भूगोलाच्या बाबतीत बहुतेक घरांत सुटकेचा निःश्वासच टाकला गेला.

आपल्या घरांत भूगोलाचे स्थान हे असे आहे. शिकवणी लागते ती गणिताची, विज्ञानाची, इंग्रजीची. भूगोल परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचा. भौगोलिक कारणे पाठ करायची, नकाशाच्या आराखड्यात चार ठिकाणे भरायची, चाळीसपैकी तीसेक गुण मिळाले की झाले. 'आमची मुलगी भूगोलात हुशार आहे' असे अभिमानाने सांगणारे आई-वडील क्वचितच भेटतात. 'भूगोल शिकून करायचे काय?' हा प्रश्न मात्र सगळीकडे ऐकू येतो. प्रश्न खोटा नाही. म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

एक लाट, दोन किनारे

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी इंडोनेशियातील सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या त्सुनामी लाटांनी हिंदी महासागराच्या काठावरील देशांत सव्वादोन लाखांहून अधिक माणसांचा जीव घेतला. आपल्या तमिळनाडूचा किनारा आणि अंदमान-निकोबार बेटेही त्यातून सुटली नाहीत.

त्या सकाळी थायलंडमधील फुकेत बेटावर, मायखाओच्या किनाऱ्यावर, टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आई-वडील आणि धाकट्या बहिणीबरोबर फिरत होती. समुद्राचे काहीतरी बिघडले आहे असे तिला दिसले. पाणी वर येत होते, पण नेहमीच्या लाटेसारखे मागे जात नव्हते. त्यावर फेस आला होता आणि ते उकळल्यासारखे बुडबुडत होते. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला अँड्र्यू कर्नी या शिक्षकांनी त्सुनामीचा धडा शिकवला होता, चित्रफीतही दाखवली होती. तिने तिथे पाहिलेले आणि आता समोर दिसणारे सारखेच होते. ती ओरडून सांगू लागली. आईला सुरुवातीला पटेना. समुद्र शांत, ऊन पडलेले, लोक सुट्टीच्या मजेत, अशा वेळी लहान मुलीचे कोण ऐकणार? पण वडिलांनी हॉटेलच्या सुरक्षारक्षकाला गाठले, किनारा रिकामा झाला आणि सुमारे शंभर माणसे वाचली.

त्याच दिवशी, भूकंपाच्या केंद्राच्या कितीतरी जवळ, इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर वेगळेच घडले. सुमारे ७८ हजार वस्तीचे हे मुस्लिमबहुल बेट. १९०७ साली तिथे अशीच लाट आली होती आणि अनेक गावे वाहून गेली होती. तेव्हापासून तिथल्या आज्या-पणज्या मुलांना अंगाईतून, गोष्टींतून एक शब्द शिकवत आल्या : 'स्मोंग'. जमीन जोराने हादरली आणि पाठोपाठ समुद्र मागे सरकला, तर थांबायचे नाही, सामान गोळा करायचे नाही, टेकडीवर पळायचे. २००४ मध्ये त्यांनी तेच केले. लाट काही मिनिटांतच आली आणि घरे गेली, पण त्या बेटावर मृत्यू नोंदले गेले ते सात. समोरच्या आचे प्रांताच्या किनाऱ्यावर ही अंगाई नव्हती. तिथे दीड लाखाहून जास्त लोक गेले. समुद्र मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या तळावर मासे वेचायला धावलेली माणसे त्या दिवशी कित्येक किनाऱ्यांवर होती.

टिलीला वर्गात जे मिळाले तेच सिमेउलुएच्या मुलांना दादीच्या मांडीवर मिळाले. मग शाळेची गरज कशाला, असे कुणी म्हणेल. गरज यासाठी, की दादीचे ज्ञान तिच्या गावापुरते असते. आपल्या ओढ्याला पाणी कधी चढते, कुठल्या उताराची माती सुटते, हे तिला पक्के ठाऊक असते. पण आज आपली कुटुंबे एका गावात राहिली कुठे? खेडहून मुंब्र्याला, मुंब्र्याहून कुवैतला, तिथून परतून पनवेलच्या एखाद्या नव्या इमारतीत. गाव बदलले की दादीचे ज्ञान मागे राहते. शाळेचा भूगोल मात्र मुलाबरोबर जातो, कारण तो कोणत्याही गावची जमीन आणि पाणी कसे ओळखायचे ते शिकवतो.

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी

आता आपल्या घराजवळची गोष्ट. २०२१ मध्ये बकरी ईद २१ जुलैला झाली. त्या रात्री कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळत होता. २२ जुलैला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठी नदीच्या पाण्यात बुडाली. पाणी अनेक ठिकाणी पहिल्या मजल्याला लागले. महाडमध्ये सावित्रीने तेच केले. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातील तळीये गावावर डोंगर कोसळला आणि ८० हून अधिक माणसे दगावली.

'कोकणातील नद्या लांबीने कमी व वेगाने वाहणाऱ्या आहेत' हे वाक्य आपल्या प्रत्येक मुलाने पाठ केलेले असते. गुणही मिळवलेले असतात. पण त्या वाक्याचा अर्थ असा की, घाटावर पडलेला पाऊस आपल्या दारात यायला दिवस लागत नाहीत, काही तास पुरतात. म्हणून चिपळूणमध्ये पाऊस थोडा उघडला तरी निर्धास्त व्हायचे नसते, वर घाटात काय चालले आहे ते विचारायचे असते.

दुसरा धडा भरती-ओहोटीचा. तो सातवीच्या पुस्तकात आहे. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि भरतीचा परिणाम खाडीतून पार चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत जाणवतो. वरून पूर येत असताना खालून भरती चढली, तर नदीच्या पाण्याला बाहेर पडायला वाटच अपुरी पडते आणि ते शहरात पसरते. भरतीची वेळ म्हणूनच महत्त्वाची. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत मोठी असते, तिला उधाणाची भरती म्हणतात. मधल्या काळातली लहान, ती भांगाची.

आपल्याकडे तर ही तारीख पाहायला वेगळे पुस्तकही नको. भिंतीवर चाँदच्या तारखांचे कॅलेंडर असतेच. चाँदची पहिली-दुसरी आणि चौदावी-पंधरावी म्हणजे उधाण. आठवीच्या आसपास भांग. कोकणातल्या आपल्या मच्छीमार भावांना हे तोंडपाठ असते. २२ जुलै २०२१ ला चाँदची ११ तारीख होती. पौर्णिमा दोन दिवसांवर होती आणि उधाण रोज चढत होते. ईद, रमजान आणि उरूस यांसाठी आपण जी तारीख पाहतो, तीच तारीख समुद्राचेही सांगते, एवढे मुलाला दाखवून दिले तरी सातवीचा तो धडा तो आयुष्यात विसरणार नाही.

दारात पाणी आले तेव्हा घरात कोण होते?

कोकणातल्या आपल्या गावांचे एक वास्तव आहे. कमावते पुरुष दुबईत, मस्कतमध्ये, कुवैतमध्ये. घरी सासू-सासरे, सून आणि मुले. रात्री दोन वाजता ओट्याला पाणी लागते तेव्हा आखातात फोन लावून उपयोग नसतो, लागला तरी तिकडून कुणी काय सांगणार? थांबायचे की निघायचे, निघायचे तर कुठल्या रस्त्याने, म्हाताऱ्यांना आधी कुठे न्यायचे, हे निर्णय त्या घरातल्या बाईला घ्यायचे असतात. कधी पंधरा वर्षांच्या मुलीला.

मुलींच्या शिक्षणाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण 'तिला भूगोल घेऊन काय करायचाय' हे वाक्य मुलींच्याच बाबतीत जास्त ऐकू येते. खरे तर गावातली उंच जागा कुठली, मशिदीपासून शाळेपर्यंतचा रस्ता कुठे खोल आहे, मोरी कुठे तुंबते, हे तिलाच सर्वांत आधी माहीत असायला हवे. ते माहीत असेल तर तिचा शब्द घरात चालतो. मायखाओच्या किनाऱ्यावर दहा वर्षांच्या मुलीचा शब्द चालला, कारण तिच्याकडे भीतीबरोबर कारणही होते.

डोंगराकडेच्या वस्त्यांचेही तेच. २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातले माळीण, २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातले इर्शाळवाडी. तिन्ही जुलै महिन्यात, तिन्ही मोठ्या पावसात. दरड प्रत्येक वेळी सूचना देऊन येते असे नाही. पण काही खुणा असतात : उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, कोरड्या जागी नवा झरा फुटणे, घराची दारे अचानक चौकटीत अडकू लागणे. यातली एखादी खूण सलग पावसात दिसली तर 'सकाळी बघू' म्हणायचे नाही. त्याच वेळी घर सोडायचे आणि ग्रामपंचायतीला, तलाठ्याला कळवायचे.

निळी रेषा, लाल रेषा

भूगोलाचा संबंध फक्त संकटाच्या रात्रीशी नाही, आयुष्याच्या सर्वांत मोठ्या खरेदीशीही आहे. वीस वर्षे परदेशात राबून माणूस गावी किंवा तालुक्याला जागा घेतो. भाव पाहतो, वीज पाहतो, मशीद-शाळा किती दूर ते पाहतो, सातबारा वकिलाला दाखवतो. पूररेषा किती जण पाहतात?

नदीकाठच्या अनेक शहरांत जलसंपदा विभागाने दोन रेषा आखल्या आहेत. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती हद्द. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक बंधने असतात. यातल्या '१०० वर्षांतून एकदा' या शब्दांनी पुष्कळ जण फसतात. गेल्या वर्षी पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे चिंता नाही, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी अशा पुराची शक्यता शंभरात एक असते, असा अर्थ आहे. त्या जागेत २५ वर्षे राहायचे ठरवले तर एकदा तरी असा पूर पाहण्याची शक्यता २२ टक्के होते. म्हणजे जवळजवळ पाचात एक. अशा हिशेबावर आपण आयुष्याची कमाई लावू का? नगरपालिकेत जाऊन 'या गटाला पूररेषा लागते का?' एवढा एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. पण तो प्रश्न सुचायला शाळेतला भूगोल डोक्यात उरलेला असावा लागतो.

ब्राझीलशी आपला काय संबंध?

दहावीच्या मुलांची एक तक्रार नेहमीची असते. २०१८ पासून त्यांच्या भूगोलाच्या पुस्तकात भारताबरोबर ब्राझील आहे, धड्यामागून धडे दोन्ही देशांची तुलना. 'आम्हाला कुठे ब्राझीलला जायचंय?' तक्रार समजण्यासारखी आहे. पण त्या पुस्तकात ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या 'अवर्षण चतुष्कोना'ची माहिती आहे. समुद्रावरून येणारे वारे उंच भूमीला अडतात, अलीकडे पाऊस पडतो, पलीकडचा भाग कोरडा राहतो. त्याला पर्जन्यछाया म्हणतात.

आता मुलाला सातारा जिल्ह्याचा नकाशा काढायला सांगा. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. त्याच जिल्ह्यात पूर्वेकडे माणच्या बाजूला तो पाचशेच्या आसपास. अंतर एसटीने काही तासांचे, पाऊस दसपट कमी. ब्राझीलचा कोरडा मुलूख आणि माणदेश यांची गोष्ट एकच आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला घडते ते आपल्याकडेही घडते आणि त्याचे कारण समजते, हे मुलाच्या लक्षात आले की दुष्काळाकडे तो नशीब म्हणून पाहत नाही. पाणी कुठे अडवायचे, इथे ऊस लावायचा की ज्वारी-बाजरी, हे प्रश्न त्याला पडू लागतात.

राहिला नोकरीचा प्रश्न. तोही महत्त्वाचा आहे. स्पर्धा परीक्षांच्या सामान्य अध्ययनात भूगोल असतोच. भूमापन, नगररचना, हवामानशास्त्र, उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे तयार करण्याचे जीआयएसचे काम, या सगळ्यांची सुरुवात शाळेतल्या नकाशापासून होते. ज्याला संगणक आवडतो आणि भटकायलाही आवडते, अशा मुलाने जीआयएसची चौकशी जरूर करावी.

घरी काय करता येईल?

शिकवणी लावायची गरज नाही, महिन्यातून एखादा रविवार पुरेल. मुलांना गावाचा किंवा मोहल्ल्याचा नकाशा काढू द्या. त्यात नदी-नाला कुठे, सर्वांत उंच जागा कुठली, पावसाळ्यात कुठे पाणी तुंबते, बाहेर पडायचे दोन रस्ते कुठले, हे दाखवायला सांगा. माहिती दादी-दादाला विचारून भरायची. २००५ चा किंवा २०२१ चा पूर कुठवर आला होता हे त्यांच्याकडून भिंतीवर दाखवून घ्या आणि तिथे रंगाने तारीख लिहून ठेवा. तो नकाशा कपाटात ठेवू नका, स्वयंपाकघराच्या दारामागे लावा आणि आखातात असलेल्या अब्बांनाही त्याचा फोटो पाठवा.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आता इंटरनेटवरून मोफत मिळतात. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. त्यावरच्या तपकिरी वळणदार रेषा म्हणजे समोच्च रेषा. त्याही सातवीच्याच पुस्तकात आहेत. रेषा दाटीने असतील तिथे चढ उभा, विरळ असतील तिथे जमीन सपाट. आपले गाव शोधून त्या रेषा मुलाला वाचू द्या. आपले घर उभ्या उताराच्या पायथ्याशी आहे का, हे तोच तुम्हाला सांगेल.

आणि घरी पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मक्केवर, दुसरे मुंबईवर धरून ताणा. दोरा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला दिसेल. तोच आपला किबला. आता दुसरे टोक न्यूयॉर्कवर ठेवा. भिंतीवरच्या सपाट नकाशात मक्का न्यूयॉर्कच्या आग्नेयेला दिसते, पण गोलावर ताणलेला दोरा न्यूयॉर्कहून ईशान्येला निघतो. तिथल्या बऱ्याच मशिदींचा किबला ईशान्येला का, असे मुलाने विचारले की पृथ्वी गोल असणे म्हणजे काय, हे त्याला खरे समजले. अकराव्या शतकात अल-बिरूनीने गझनीचा किबला अचूक ठरवण्यासाठी शहरांचे अक्षांश-रेखांश काढले आणि त्यावर ग्रंथ लिहिला. आज पाकिस्तानच्या पंजाबात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली दिसते ते मोजून त्याने पृथ्वीचा आकारही काढला. त्याच्याकडे उपग्रह नव्हता. एक डोंगर, कोन मोजायचे एक साधन आणि गणित, एवढेच होते.

पुढचा पावसाळा जूनमध्ये येईल. त्याआधी सातवीच्या भूगोलाचे पुस्तक घरात असेल तर ते काढा, नसेल तर शेजारच्या मुलाकडून मागून आणा. भरती-ओहोटीचा तिसरा धडा आणि समोच्च रेषांचा शेवटचा धडा मुलांबरोबर बसून वाचा. घरातल्या सुनेलाही वाचायला द्या. परीक्षेत त्यावर किती गुणांचा प्रश्न येतो, हे त्या दिवशी विचारू नका.